सुरतेचा तह आणि वसईचा तह

वसईच्या किल्ल्यात सहलीच्या दिवसांत शाळेची मुले येतात, आणि त्यांना इतिहास सांगणाऱ्या मोठ्या माणसांच्या तोंडून मी एक वाक्य अनेकदा ऐकले आहे: ‘दुसऱ्या बाजीरावाने इथेच वसई इंग्रजांना देऊन टाकली.’ या वाक्यात दोन वेगळे तह एकमेकांत मिसळले आहेत. वसई देण्याचा करार झाला तो सुरतेच्या तहात, मार्च १७७५ मध्ये, आणि तो केला बाजीरावाच्या वडिलांनी, म्हणजे रघुनाथरावांनी. वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२ चा, आणि त्यात वसई द्यायची असे कलमच नाही. तो वसईत झाला म्हणून वसईचा, इतकेच.

गोंधळ होतो त्याला कारण आहे. दोन्ही वेळी पेशव्यांच्या घरातील एक पुरुष पुण्यातून बाहेर फेकला गेला, दोन्ही वेळी त्याने गादीसाठी इंग्रजी पलटणी मागितल्या, आणि दोन्ही तहांमागून इंग्रज-मराठा युद्ध पेटले. पण ही युद्धे ज्या निर्णयांनी वाढत गेली, ते निर्णय कोणाचे आणि कोणत्या प्रकारचे होते हे पाहिले, तर दोन्ही तह एका माळेत ओवता येत नाहीत.

सुरतेच्या तहापासून सुरुवात करू. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला, रघुनाथराव पेशवे झाले, परंतु १८ एप्रिल १७७४ रोजी नारायणरावांच्या पत्नीला मुलगा झाला आणि नाना फडणीसादी बारभाईंनी, म्हणजे रघुनाथरावांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, त्या तान्ह्या मुलाच्या नावाने कारभार हाती घेतला. रघुनाथराव गुजरातेत इंग्रजांच्या आश्रयाला गेले. मुंबईकर इंग्रजांचा डोळा साष्टी बेट (ज्यावर ठाणे आहे) आणि वसई यांवर फार पूर्वीपासून होता. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेला हा मुलूख परत घेण्यासाठी गोव्याकडून पोर्तुगीज आरमार येत असल्याची वार्ता लागताच, कोणताही तह झालेला नसताना, मुंबईकरांनी डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यावर चाल करून तो घेतला. म्हणजे सुरतेच्या तहाने साष्टी देण्यापूर्वीच ती घेतली गेली होती, आणि तहाने त्या घेण्याला कागदाचा आधार मिळाला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. रघुनाथरावांनी आपल्या ताब्यात नसलेली वसई लिहून दिली, आणि इंग्रजांनी आपण आधीच बळकावलेल्या साष्टीची किंमत म्हणून अडीच हजार फौज देण्याचे कबूल केले.

हा तह मुंबईच्या कौन्सिलाने केला होता. ब्रिटिश संसदेच्या १७७३ च्या कायद्याने लढाई-तहाचा अंतिम अधिकार कलकत्त्याकडे गेला होता, आणि कलकत्त्याच्या कौन्सिलाने मुंबईकरांचे हे युद्ध अविचारी, धोक्याचे, अनधिकृत आणि अन्यायाचे असल्याचे स्पष्ट लिहून कळवले. कलकत्त्याचा वकील कर्नल अप्टन पुरंदरास आला आणि १ मार्च १७७६ रोजी नवा तह झाला. युद्ध येथे थांबू शकले असते. ते थांबले नाही, कारण मुंबईचे गव्हर्नर हॉर्नबी आणि त्यांचे कौन्सिल आपला निर्णय चुकला असे मानायला तयार नव्हते. पुरंदरच्या तहानंतरही त्यांनी रघुनाथरावांना आश्रय दिला, आणि लंडनच्या संचालकांनी त्यांचीच पाठ राखली. त्यातच १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच माणूस चौल बंदरात उतरून पुण्यास गेला, नानांनी त्याचा सत्कार केला, आणि मराठे-फ्रेंच युतीच्या भीतीने कलकत्तेकरही मुंबईच्या बाजूला झुकले. नानांचा हा डाव इंग्रजांना धाक घालण्यापुरता असावा असे माझे मत आहे. पण त्याने विरोधकांमधली फूट सांधली गेली हे नाकारता येत नाही.

नोव्हेंबर १७७८ मध्ये रघुनाथरावांना घेऊन मुंबईची फौज पनवेलवरून बोरघाट चढली. सुमारे ३,९०० माणसांच्या या फौजेबरोबर सामान वाहणारे १९,००० बैल होते, आणि ते लटांबर घेऊन घाटावर पोहोचेपर्यंत महादजी शिंदे, हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर एकत्र जमले होते. जानेवारी १७७९ मध्ये तळेगावाहून माघार घेताना फौज वडगावला कोंडली गेली, आणि १७७३ पासून घेतलेले सर्व परत करण्याचे मुंबईकरांनी लिहून दिले. ज्या कलकत्त्याने चार वर्षांपूर्वी हेच युद्ध अन्यायाचे ठरवले होते, त्याच कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने आता तो करार अमान्य केला. पराभवाचा डाग धुऊन काढणे हाच आता युद्धाचा हेतू झाला. इंग्रज सेनापती गॉडर्डच्या फौजेने डिसेंबर १७८० मध्ये वसई जिंकली, नाना फडणीसांनी हैदरअली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्याशी जूट बांधली, आणि उत्तर कोकणच्या एका बेटावरून सुरू झालेले भांडण कर्नाटकपर्यंत जाऊन पोहोचले. १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. सात वर्षांनंतर हिशेब असा: साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई मराठ्यांना परत मिळाली, आणि रघुनाथरावांना मासिक २५,००० रुपयांची नेमणूक ठरली. या युद्धात वसई आणि साष्टीच्या गावांनी दोन्ही बाजूंच्या फौजांचे येणे-जाणे किती वेळा सोसले, ते तहांच्या कलमांत कुठेच येत नाही.

आता वसईचा तह. येथे मागणारा नुसता हक्कदार नव्हता, तो गादीवरचा पेशवा होता, आणि खरा फरक येथेच सुरू होतो. एप्रिल १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावांनी यशवंतराव होळकरांचे बंधू विठोजी यांना पुण्यात हत्तीच्या पायी देऊन मारवले. विठोजींनी बंड केले होते हे खरे, परंतु त्यांना कैदेत ठेवून यशवंतरावांशी बोलणे लावता आले असते. सूडाच्या या एका निर्णयाने यशवंतराव होळकरांना माघारी फिरण्याची वाट उरली नाही. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा त्यांनी पराभव केला, आणि बाजीराव सिंहगड, रायगड, महाड असे करत कोकणात उतरले. हर्णैचा सुवर्णदुर्ग, तेथून रेवदंडा, आणि अखेर समुद्रमार्गे डिसेंबरात वसई असा हा प्रवास आहे. हर्णैच्या बंदरातून सुवर्णदुर्गाकडे पाहताना मला त्या आठवड्यांची आठवण होते, कारण पेशव्यांपुढे तेव्हाही दुसरे मार्ग होते. शिंद्यांची मोठी फौज शाबूत होती, आणि होळकर पेशव्यांना पुण्यास परत या म्हणून निरोप पाठवत होते.

वसईच्या तहाने बाजीरावांनी सहा पलटणींची कायमची इंग्रजी फौज आणि तिच्या खर्चासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख कबूल केला. मुलूख हा त्यातला लहान भाग होता. त्यातला काही पुढे बदलूनही देण्यात आला. मोठा भाग होता तो असा, की पेशव्यांनी इंग्रजांच्या सल्ल्याशिवाय कोणाशी युद्ध करायचे नाही, कोणाशी तह करायचा नाही, आणि निजाम व गायकवाड यांच्याशी असलेल्या वादांत इंग्रजांचा निवाडा मानायचा. सुरतेच्या तहात जमीन लिहून दिली होती. येथे युद्ध आणि तह ठरवण्याचा अधिकारच लिहून दिला गेला. नाना फडणीसांनी ज्या तैनाती फौजेला आयुष्यभर दूर ठेवले, ती त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांच्या आत पुण्याच्या दारात आली.

म्हणूनच पुढचे युद्ध वेगळ्या रीतीने आले. १७७५ मध्ये तहाने दोन पक्षांत लढाई लावली आणि नकार देणारे मराठे एकजुटीने उभे राहिले. १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने १३ मे रोजी बाजीरावांना पुण्याच्या गादीवर बसवले, तेव्हा शिंदे आणि भोसले यांच्यापुढे प्रश्न असा होता, की आपल्या धन्याने आपल्याला न विचारता केलेला करार मान्य करायचा की त्याच धन्याच्या नावाने येणाऱ्या फौजेशी लढायचे. बाजीराव एकीकडे इंग्रजांच्या फौजेवर बसले होते आणि दुसरीकडे गुप्तपणे या सरदारांशी पत्रव्यवहार करत होते. हा दुटप्पीपणा मला तहापेक्षाही घातक वाटतो, कारण त्याने सरदारांना लढाईकडे ढकलले आणि लढाईत साथ दिली नाही. होळकरांनीही त्या वर्षी अलिप्त राहण्याचा निर्णय घेतला. २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला अडगाव, डिसेंबरात गाविलगड, आणि त्याच महिन्यात भोसले व शिंदे यांचे तह झाले. होळकरांना १८०४ मध्ये एकट्याने लढावे लागले.

या लढाया कोकणापासून दूर झाल्या आणि वसईला या वेळी तोफांचा आवाज ऐकू आला नाही. १८०२ नंतरही येथे पेशव्यांचाच अंमल राहिला. जून १८१७ मध्ये पुण्याच्या तहाने बाजीरावांना कल्याणपासून गुजरातपर्यंतचा घाटाखालचा मुलूख सोडावा लागला, आणि वसई इंग्रजांकडे गेली ती त्या वर्षी.