ट्रायकपासून व्हॅक्यूमपर्यंत: जॉबवरचं तेल काढणाऱ्या सॉल्व्हंटची पार्श्वभूमी

जॉबवरचं, म्हणजे यंत्रावर घडवलेल्या धातूच्या भागावरचं, कटिंग ऑइल आणि बुरा काढायला क्लोरीनयुक्त सॉल्व्हंटची (तेल विरघळवणाऱ्या द्रवाची) वाफ वापरायची पद्धत १९३० च्या दशकात कारखान्यांत रुळली. गार जॉब वाफेत सोडला की वाफ त्याच्यावर द्रवरूप होते आणि तेल घेऊन खालच्या टाकीत ओघळते. जॉब वाफेइतका तापला की ओघळ थांबतो आणि तो कोरडा वर येतो. ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे ट्रायक, ८७ अंश सेल्सिअसला उकळतं. तेल त्याच्या कितीतरी वर. त्यामुळे टाकी मळली तरी वर चढणारी वाफ स्वच्छच राहते. पुनर्वापर या यंत्राच्या रचनेतच होता. टाकीत तेलाचा साधारण चौथा हिस्सा झाला की ती उपसायची, मळका सॉल्व्हंट ऊर्ध्वपातनाला लावायचा आणि पुन्हा भरायचा.

खाली उरणारा गाळ मात्र अनेक ठिकाणी कारखान्यामागच्या मातीत गेला. ट्रायक पाण्याच्या जवळपास दीडपट जड. ते झिरपत भूजलाच्या तळाशी बसलं आणि तिथून वर्षानुवर्षं थोडं थोडं विरघळत राहिलं.

पहिला मोठा बदल आला तो धुरक्यामुळे. लॉस एंजेलिसने १९६६ मध्ये उन्हात धुरकं तयार करणाऱ्या सॉल्व्हंटवर निर्बंध घातले. त्यात ट्रायक सापडलं आणि कारखाने मिथाइल क्लोरोफॉर्म या दुसऱ्या क्लोरीनयुक्त सॉल्व्हंटकडे वळले. ते धुरक्यात फारशी भर घालत नव्हतं, शरीराला ट्रायकइतकं घातकही नव्हतं. अडचण एकच, ॲल्युमिनियमशी त्याचं जमत नसे. म्हणून त्यात स्टॅबिलायझर, म्हणजे ही रासायनिक क्रिया रोखणारा घटक, मिसळत, बहुतेक वेळा १,४-डायऑक्सेन. पुनर्वापर करणाऱ्यांची खरी परीक्षा इथे होती. मिथाइल क्लोरोफॉर्म ७४ अंशांना उकळतं, डायऑक्सेन १०१ ला. म्हणजे ऊर्ध्वपातनात सॉल्व्हंट वर जातं आणि बराचसा स्टॅबिलायझर गाळात राहतो. गाळून आलेला द्रव काचेसारखा नितळ दिसतो, पण स्टॅबिलायझरची भर न घालता ॲल्युमिनियमच्या जॉबवर वापरला तर आम्ल तयार होतं आणि टाकी बिघडते. पुढे जिथे जिथे हे सॉल्व्हंट जमिनीत मुरलं होतं, तिथल्या भूजलात डायऑक्सेनही सापडू लागलं.

आता १९९० चा निर्णय. माझ्या मते या सगळ्या इतिहासाची कळ तिथेच आहे. ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या १९८७ च्या माँट्रियल करारात सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) होते, त्यांत इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं लाडकं सीएफसी-११३ ही होतं. मिथाइल क्लोरोफॉर्म नव्हतं. १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत ते यादीत आलं. आक्षेप सरळ होता: ओझोन नष्ट करण्याची त्याची क्षमता सीएफसी-११ च्या जेमतेम एक दशांश, मग ही घाई कशाला? याला उत्तर दोन गोष्टींत होतं. एक, ते प्रचंड प्रमाणात वापरलं जात होतं. दोन, हवेतलं त्याचं आयुष्य सुमारे पाच वर्षंच, सीएफसींसारखं अनेक दशकांचं नव्हे. म्हणजे ते थांबवलं तर गुण लवकर दिसणार. आणि तसंच झालं. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून खालच्या वातावरणातलं क्लोरीन उतरू लागलं, त्यात सर्वांत मोठा वाटा याच सॉल्व्हंटच्या घटीचा होता. लंडनला २००५ ची मुदत ठरली होती. १९९२ मध्ये कोपनहेगनला ती विकसित देशांसाठी १९९६ वर आणली गेली. विकसनशील देशांना २०१५ पर्यंत वेळ मिळाला.

त्याच लंडन दुरुस्तीत आणखी एक वाक्य घातलं गेलं, ज्याची चर्चा फार कमी होते: पुनर्चक्रित करून परत वापरलेला माल ‘उत्पादन’ धरायचा नाही. या एका वाक्यामुळे जुन्या साठ्याचं ऊर्ध्वपातन कायदेशीर राहिलं आणि बंदीनंतरही काही वर्षं जुनी यंत्रं चालू शकली. सोय म्हणून ते ठीकच होतं. पण त्यातून असा समज पक्का झाला की सॉल्व्हंट गाळून परत वापरलं की आपलं काम झालं. मला हा समज घातक वाटतो. उघड्या तोंडाच्या डिग्रीझरमधून, म्हणजे तेल काढणाऱ्या वाफेच्या टाकीतून, सॉल्व्हंट जातं ते मुख्यतः वाफ होऊन: जॉबच्या खोबणीत अडकून, टोपली घाईने वर ओढल्यावर, रात्री झाकण न लावल्याने. हवेत गेलेलं कुठलीही ऊर्ध्वपातनाची टाकी परत आणत नाही.

हे आधी ओळखलं ते जर्मनीने. १९९० च्याच डिसेंबरमधल्या नियमाने तिथे अट आली की जॉब बाहेर काढण्याच्या जागेतल्या हवेत सॉल्व्हंट दर घनमीटरला एक ग्रॅमच्या खाली आल्याशिवाय यंत्राचं दार उघडता कामा नये. तिथल्या यंत्र बनवणाऱ्यांनी मग पूर्ण बंद यंत्रं घडवली, ज्यांत धुणं आणि वाळवणं एकाच कोठ्यात होतं आणि ऊर्ध्वपातनही त्याच बंद यंत्रात. इतरत्र मात्र द्रव बदलण्यावरच भर राहिला. एन-प्रोपिल ब्रोमाइड ‘ओझोनला सोपं’ म्हणून जुन्याच उघड्या टाक्यांत ओतलं गेलं. पुढे मज्जासंस्थेवरचे त्याचे परिणाम समोर आले आणि कामाच्या जागेसाठीची शिफारस केलेली मर्यादा २०१४ मध्ये दहा लाखांत १० भागांवरून ०.१ भागावर आली. काहीजण ट्रायककडे परतले होते. २०१२ मध्ये ते माणसात कर्करोग घडवणारं म्हणून वर्गीकृत झालं. युरोपात एप्रिल २०१६ नंतर विशेष परवान्याशिवाय ते वापरता येत नाही. अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये सर्व वापरांवर बंदीचा अंतिम नियम निघाला, काही वापरांना लांब मुदती देऊन, आणि त्याला लगेच न्यायालयात आव्हान दिलं गेलं.

दरम्यान बंद यंत्रांत क्लोरीनची गरजच कमी होत गेली. कोठ्यात निर्वात केलं की पेट घेणारी हायड्रोकार्बन सॉल्व्हंट आणि सुधारित अल्कोहोलंही सुरक्षितपणे वापरता येतात: ऑक्सिजन काढलेला असतो, उकळबिंदू खाली येतो, आणि तेल वेगळं काढण्याचं काम यंत्र चालू असतानाच होतं. ही यंत्रं महाग आहेत. लहान कारखान्यांत त्यामुळे अजून उघडी टाकीच चालते.