कॉटच्या मधल्या जागेत वीस मिनिटं

लातूरच्या शिकवणीच्या भागात पहाटे साडेपाचला फिरून पाहावं. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं रस्त्याच्या कडेनं धावत असतात. नीटवाली पोरं चहाच्या गाड्याशी नोट्स चाळत उभी असतात. मुली मात्र फारशा दिसत नाहीत. एका खोलीत तीन कॉट आणि वर पत्रे; अंधारात एकटीनं पळायला जायचं म्हटलं तर घरचे फोनवरच नको म्हणतात आणि उजाडलं की क्लास. त्यामुळे मोबाईलवर चालणारे व्यायामाचे आणि सजगता-ध्यानाचे (माइंडफुलनेस, म्हणजे चालू क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याचे) वर्ग खरोखर उपयोगाचे आहेत का, हा प्रश्न मला सगळ्यात आधी या मुलींसाठी महत्त्वाचा वाटतो.

परीक्षेच्या ताणात मूत्रपिंडावरच्या ग्रंथींमधून कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवतं. थोडा वेळ ते कामाचंच असतं, माणूस जागरूक राहतो. पण महिनोन्महिने ते चढलेलंच राहिलं की झोप तुटते आणि पाठ केलेलं आठवत नाही. आठवणी साठवण्याचं काम मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाकडे असतं आणि दीर्घ ताणाचा मार त्यालाच बसतो. व्यायाम नेमका याच भागाला हात देतो. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 120 वयस्क माणसं होती. त्यांतली निम्मी वर्षभर नेमानं चालली आणि त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे 2 टक्क्यांनी वाढला. नुसते अंग ताणण्याचे (स्ट्रेचिंगचे) व्यायाम करणाऱ्या उरलेल्यांचा उलट थोडा आकसला. ही माणसं विशीतली नव्हती हे खरं, पण शरीर हललं की मेंदूची बांधणीही बदलते, एवढं त्यातून दिसतं.

श्वासाचं गणित तर घरबसल्या तपासता येतं. मनगटाची नाडी धरा आणि सावकाश श्वास घ्या. श्वास आत जाताना ठोके किंचित जलद पडतात, सोडताना मंदावतात. सोडताना व्हेगस ही मज्जातंतू हृदयाला लगाम घालते. मिनिटाला साधारण सहा श्वास इतक्या संथ गतीला हा फरक सर्वांत ठळक होतो.

आज जगभर शिकवला जाणारा आठ आठवड्यांचा सजगता-वर्ग जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णांसाठी सुरू केला. त्याचं मूळ बौद्ध ध्यानात आहे. अजिंठ्याच्या मुलखात आणि विहारात आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याचं ध्यान, शिकलेल्या घरांमध्ये ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही.

केंब्रिज विद्यापीठात 616 विद्यार्थ्यांवर झालेल्या चाचणीत अशाच धर्तीचा सजगता-वर्ग केलेल्यांना परीक्षेच्या काळात कमी त्रास झाला. ब्रिटनमधल्याच शाळांमध्ये आठ हजारांहून जास्त मुलांना सजगतेचे धडे दिले, तेव्हा मात्र नेहमीच्या तासांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. केंब्रिजचे विद्यार्थी आपणहून आले होते आणि शाळेत अख्खा वर्ग बसवला होता. वयातही फरक होताच. तरीही, लिंक पाठवून हजेरी सक्तीची करणाऱ्या महाविद्यालयांनी हे दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचावेत असं मला फार वाटतं.

ऑनलाइन वर्गांचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे गळती. सुरुवात मोठ्या उत्साहात होते आणि हळूहळू मुलं येईनाशी होतात. मधूनमधून कुणी फोन करून विचारणारं असलं की गळती कमी होते. म्हणून चकचकीत ॲपपेक्षा विचारपूस करणारी एखादी क्रीडाशिक्षिका मला मोलाची वाटते.

काहींना डोळे मिटून बसलं की उलट घाबरल्यासारखं होतं. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, तळपायांना लागणाऱ्या फरशीकडे लक्ष द्यावं किंवा सरळ उठून चालावं. आणि जिला आठवडेच्या आठवडे झोप नाही, जगणं नको वाटतंय, तिला श्वास मोजायला सांगून सोडू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, तिथं मराठीत बोलता येतं.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे रोजची वीस-बावीस मिनिटं. ती संध्याकाळी क्लास सुटल्यावर, मेसचा डबा यायच्या आत ठेवावीत. कॅमेरा बंद ठेवायची मुभा द्यावी. लाईट गेली तर नंतर पाहता यावं म्हणून वर्गाचं रेकॉर्डिंग कमी डेटात उतरेल असं असावं. खोलीत तिघी असतील तर एकच मोबाईल भिंतीला टेकवून ठेवला तरी पुरतो.