थांबलेला सूर आणि सरकणारा सूर

वेब पीअर्स या गायकाचं ‘स्लोली’ हे गाणं १९५४ साली अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या यादीत १७ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. वादकांमध्ये मात्र चर्चा झाली ती त्यातल्या बड आयझॅक्स यांच्या ‘पेडल स्टील’ची, म्हणजे पायाने दाबायचं पेडल बसवलेल्या स्टील गिटारची. दोन-तीन सूर एकत्र वाजतात, आणि ते विरायच्या आत त्यातले काही वर चढतात. एक सूर मात्र जागचा हलत नाही. हे कसं केलं, ते स्टील वाजवणाऱ्यांनाही पटकन उमगेना. गाणं गाजलं आणि आपल्या वाद्याला पेडल बसवून घेण्यासाठी त्यांची धांदल उडाली.

तारेचा सूर तिची लांबी, तिचा ताण आणि तिची जाडी यांवर ठरतो. वाजवता वाजवता जाडी बदलता येत नाही, तेव्हा हाती उरतात दोनच उपाय. सतारिया पडद्यावर तार दाबतो तेव्हा लांबी बदलतो. तीच तार बाजूला खेचून मींड घेतो तेव्हा ताण बदलतो. स्टील गिटारच्या तारांवर पोलादी बार नुसता टेकवलेला असतो आणि तो सरकवला की लांबी बदलते. पण बार सगळ्या तारांवर एकदम असल्यामुळे सगळे सूर एकाच प्रमाणात चढतात-उतरतात, त्यांच्यातलं आपापसातलं अंतर कायम राहतं. बार तिरका धरून थोडी पळवाट काढता येते, पण थोडीच.

ही बारची कल्पना हवाई बेटांवरची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू या मुलाने ती रुजवली असं मानतात. तिथून ती जगभर गेली, आपल्याकडेही आली. एस. हजारा सिंग यांनी हिंदी चित्रपटसंगीतात हवाइयन गिटार वाजवली आणि ब्रिजभूषण काब्रा यांनी ती रागसंगीतात आणली. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेतली गिटार त्यांचीच. आपल्या संगीताला एका तारेवरची मींड पुरते, म्हणून आपल्याला बारच्या मर्यादेची अडचण झाली नाही. कंट्री संगीत मात्र स्वरमेळांवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांवर (कॉर्ड) उभं आहे. एका मेळातून दुसऱ्यात जायचं तर सुरांमधली अंतरं पुष्कळदा बदलावी लागतात, आणि तिथे बार अपुरा पडतो.

पेडलने हे काम केलं. पाय दाबला की वाद्याच्या पोटाखालून गेलेली सळई निवडक तारांचं टोक ओढते आणि तेवढ्याच तारांचा ताण वाढतो. कंट्रीत रूढ असलेल्या ‘ई-नाइन्थ’ जुळणीतल्या मुख्य तारा आपल्या भाषेत सांगायच्या तर सा, ग आणि प. एक बदल पंचमाचा धैवत करतो, दुसरा गंधाराचा शुद्ध मध्यम. दोन्ही एकदम केले की सा-ग-प चा सा-म-ध होतो. बार तिथेच, षड्ज तिथेच, पण मेळ नवा.

यामागचं गणित मला फार आवडतं. कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पंचमावरून धैवतावर जायला कंपनसंख्या सुमारे १२ टक्के वाढवावी लागते, म्हणजे ताण २६ टक्के. वरच्या गंधाराची तार जेमतेम ०.२८ मिलिमीटर जाडीची आणि सुमारे ६१ सेंटिमीटर लांब असते. ती सेकंदाला ४१५ वेळा कंप पावते, आणि त्यासाठी तिच्यावर सुमारे १३ किलो वजनाएवढा ताण असतो. मध्यमाला, म्हणजे ४४० कंपनांना नेताना तार जास्तीत जास्त १ मिलिमीटरभर लांबते. एवढ्यानेच ती पोलादाच्या सहनशक्तीच्या काठावर येते. म्हणूनच वादकांची सगळ्यात जास्त तुटणारी तार हीच. जाड तार लावूनही उपयोग नाही. तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ जेवढ्या पटीने वाढतं, तिला लागणारा ताणही नेमका तेवढ्याच पटीने वाढतो, त्यामुळे पोलादावरचा भार दर चौरस मिलिमीटरला होता तेवढाच राहतो.

आयझॅक्स यांच्या वाद्यावर हे दोन्ही बदल एकाच पेडलवर होते. ते वेगळे केले बडी एमन्स यांनी, आणि माझ्या मते या वाद्याच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा निर्णय. इंडियाना राज्यात १९३७ साली जन्मलेले एमन्स अठराव्या वर्षी कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलला आले. विशीतच त्यांनी शॉट जॅक्सन यांच्याबरोबर ‘शो-बड’ ही पेडल स्टील बनवणारी कंपनी काढली. एक पेडल पंचमासाठी, दुसरं गंधारासाठी, अशी त्यांनी वाटणी केली. आता एक सूर हलवावा की दोन, आधी कुठला, नंतर कुठला, किती वेगाने, हे सगळं पायाच्या हाती आलं. १९६२ मध्ये त्यांनी वरच्या भागात रिषभ आणि शुद्ध निषादाच्या आणखी दोन तारा वाढवल्या. आज जगात जवळपास प्रत्येक ई-नाइन्थ वाद्य याच मांडणीचं असतं.

पण एक सूर थांबलेला आणि दुसरा सरकणारा, याचा कानावर एवढा परिणाम का होतो? कुठल्याही तारेच्या सुरात मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी उपकंपनंही मिसळलेली असतात. शुद्ध गंधार आणि षड्ज यांचं नातं ५:४, त्यामुळे षड्जाचं पाचवं उपकंपन आणि गंधाराचं चौथं एकमेकांवर बसतात. तंबोरा नीट लागला की न छेडलेला गंधार ऐकू येतो, तो हाच. मध्यम आणि षड्जाचं नातं ४:३. तिथे दुसरी जोडी जुळते. पाय गंधाराला मध्यमाकडे नेतो तेव्हा पहिली जोडी सुटते, सुरांमध्ये क्षणभर थरथर होते, आणि मध्यमावर पोहोचल्यावर सगळं पुन्हा शांत होतं. षड्ज जागेवर असतो म्हणूनच ही थरथर जाणवते. सगळेच सूर एकत्र सरकले असते तर नातं बदललंच नसतं. या वाद्यात ऐकू येणारा हुंदका मला याच मधल्या क्षणात सापडतो. पियानोचा गंधार ५:४ च्या जागेपेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्शाएवढा चढा असतो. पुष्कळ स्टीलवादक आपला गंधार कानाने किंचित उतरवून लावतात, तो ही थरथर टाळण्यासाठीच.

एमन्स यांची ध्वनिमुद्रणं पहिल्यांदाच ऐकणाऱ्यांनी जूडी कॉलिन्स यांच्या १९६८ च्या ‘समडे सून’पासून सुरुवात करावी. गायिकेची ओळ संपते तिथे स्टील अलगद वर येतं आणि पुढची ओळ सुरू व्हायच्या आत बाजूला होतं. या अलगदपणात उजव्या पायाखालच्या आवाजाच्या पेडलचा मोठा वाटा असतो. तार छेडली की तिचा आवाज लगेच ओसरू लागतो, आणि वादक त्याच प्रमाणात पेडल दाबत जातो, त्यामुळे सूर टिकल्यासारखा वाटतो. छेडण्याचा टणत्कारही पेडल वर ठेवून दडवता येतो. वाद्य ओळखायला आपला कान सुराच्या पहिल्या काही क्षणांवर फार अवलंबून असतो. ते क्षण पुसले की तार छेडली आहे की गजाने वाजवली आहे, हे चटकन कळत नाही.

नंतर रे प्राइस यांचं १९६३ चं ‘नाइट लाइफ’ ऐकावं. इथे एमन्स दुसऱ्या जुळणीवर, सी-सिक्स्थवर आहेत आणि सूर खालचे, गडद, रेंगाळणारे. त्याच वर्षी त्यांनी न्यूयॉर्कमध्ये जॅझ वादकांना सोबत घेऊन ‘स्टील गिटार जॅझ’ मुद्रित केलं. त्यात पेडल हुंदक्यासाठी नाही, तर भराभर बदलणाऱ्या मेळांची वाट काढण्यासाठी वापरलंय. बार सरकवताना मधली घसरण ऐकू येऊ नये म्हणून किती अचूकपणा लागत असेल! बाराव्या फ्रेटच्या, म्हणजे पडद्याच्या, खुणेजवळ एका मिलिमीटरची चूक म्हणजे साडेपाच सेंटचा फरक, तयार कानाला खटकेल एवढा. आणि तिथे फ्रेट नसतो, नुसती रेघ असते.

एमन्स यांच्याहून वेगळा नमुना हवा असेल तर टॉम ब्रम्ली यांनी बक ओवेन्स यांच्या १९६४ च्या ‘टुगेदर अगेन’मध्ये वाजवलेला तुकडा ऐकावा. तो अगदी थोडक्या सुरांचा आहे, पण त्यातला प्रत्येक सूर पोहोचण्याच्या आधी जरा रेंगाळतो. थांबलेला सूर कुठला आणि सरकणारा कुठला, हे तिथे सगळ्यात सहज ओळखू येतं.

पेडल वेगळे करण्याचं काम त्याच सुमारास जिमी डे या दुसऱ्या वादकानेही केलं होतं. त्यांनी पेडलांचा क्रम उलटा ठेवला. एमन्स यांच्या मांडणीत पंचमाचं पेडल डाव्या टोकाला, डे यांच्या मांडणीत ते उजवीकडे. फरक घोट्याचा आहे: एक सूर धरून दुसरा सोडताना पाऊल कुठल्या बाजूला कलंडवायचं, एवढाच. नवं वाद्य मागवणाऱ्याला आजही या दोन्हींतलं एक नाव सांगावं लागतं.