नवी सेडान की वापरलेली: वादामागची शंभर वर्षं

१९२७ साली फोर्डने मॉडेल टीचं उत्पादन थांबवलं, तोवर दीड कोटींहून जास्त गाड्या कारखान्यातून बाहेर पडल्या होत्या. अमेरिकेत ज्याला गाडी परवडू शकत होती, त्यातल्या बहुतेकांच्या दारात ती आलेली होती. त्यांना दुसरी विकायची, तर पहिलीचं काय करायचं? नवी घ्यावी की वापरलेली, हा वाद इथून सुरू होतो.

फोर्डची स्पर्धक असलेल्या जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी याचं उत्तर आधीच शोधलं होतं. जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये घ्यायची, उरलेल्या रकमेचे हप्ते बांधून द्यायचे (त्यासाठीची कर्जकंपनी १९१९ सालीच निघाली होती) आणि दरवर्षी मॉडेलमध्ये काहीतरी बदल करायचा. गाडी चांगली चालत असतानाही जुनी वाटू लागली पाहिजे, हा त्यातला खरा डाव. परिणाम असा, की धडधाकट गाड्या थोडक्या वापरानंतर बाजारात येऊ लागल्या. नव्या कोऱ्या मॉडेल टीच्या पैशांत वरच्या दर्जाची वापरलेली गाडी मिळू लागली आणि फोर्डचं गिऱ्हाईक तिकडे वळलं. नवी छोटी की जुनी मोठी, हा हिशेब आजही तोच आहे.

त्याच दशकात गाडीचा आकारही बदलला. आधी बहुतेक गाड्या उघड्या असत, पावसात कापडी छत ओढायचं. हडसन कंपनीने एसेक्स ही बंदिस्त गाडी स्वस्तात आणली आणि इतरांनाही त्या वाटेने जावं लागलं. स्लोन यांच्या नोंदीनुसार १९१९ मध्ये बंदिस्त गाड्यांचं प्रमाण १० टक्के होतं, १९२७ मध्ये ८५ टक्के. चार दारांची सेडान ही ‘नेहमीची गाडी’ झाली ती अशी.

पुढे सांगाडा आणि बॉडी वेगळी न ठेवता एकसंध पत्र्याची गाडी बनवण्याची पद्धत आली. १९३४ ची सित्रोएन ट्रॅक्शन अव्हां त्यातली गाजलेली. गाडी हलकी झाली, पण पत्र्याला गंज लागला की गाडीचा कणाच पोखरला जाऊ लागला. ‘इतक्या वर्षांवरची गाडी घेऊ नये’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला बराचसा या गंजाच्या भीतीतून आलेला आहे. १९८० च्या दशकात जस्ताचा मुलामा दिलेल्या बॉडी वाढू लागल्या. सल्ला मात्र तसाच राहिला.

भीतीचं दुसरं कारण मीटर. जुन्या यांत्रिक ओडोमीटरवर पाचच आकडे असत. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. शिवाय मीटर मागे फिरवणं हा उघड गुपितासारखा धंदा होता. तो अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बेकायदा ठरला १९७२ मध्ये. ब्रिटनने १९६० पासून दहा वर्षांवरच्या गाड्यांची तपासणी सक्तीची केली आणि १९६७ मध्ये ती मर्यादा तीन वर्षांवर आणली. अशा तपासण्यांच्या नोंदी आज जुन्या गाडीचं रनिंग ताडून पाहायला उपयोगी पडतात.

याच सुमारास, १९७० मध्ये, जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने वापरलेल्या गाड्यांच्या बाजाराचंच उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. मुद्दा साधा आहे. गाडीतली खोड विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना बेताचा भाव देतो. मग चांगली गाडी असलेला म्हणतो, एवढ्यात कशाला विकू? तो बाजूला होतो, बाजारात खटाऱ्यांचं प्रमाण वाढतं आणि भाव आणखी उतरतो. शोरूममधून काल बाहेर पडलेली गाडी आज विकायला काढली तरी किंमत एवढी का पडते, याचंही स्पष्टीकरण यात मिळतं. या विचारासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल मिळालं.

मला हे चित्र थोडं कडक वाटतं. माणसं गाडी फक्त बिघडली म्हणून विकत नाहीत; बदली होते, कुटुंब वाढतं, कधी नुसतीच हौस असते. म्हणूनच ‘का विकताय?’ हा प्रश्न इंजिनाच्या आवाजाइतकाच महत्त्वाचा. उत्तर आणि गाडीचे सर्व्हिसचे कागद जुळतात का, हे पाहावं. कमी रनिंग सांगितलं असेल आणि पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालं असेल, तर मीटरपेक्षा रबरावर विश्वास ठेवावा. डिजिटल मीटरचे आकडेही बदलता येतात.

१९८१ पासून अमेरिकेत १७ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक ठरला, त्यामुळे एकेका गाडीचा इतिहास जोडता येऊ लागला. १९९६ पासून तिथल्या प्रत्येक नव्या कारला बिघाडाचे संकेत वाचण्याचं ठरावीक सॉकेट आलं. मेकॅनिकच्या कानाला यंत्राची जोड मिळाली.

विजेच्या सेडानमध्ये मात्र खरेदीदार पुन्हा अंधारात आहे. तिथे सर्वांत महागडा भाग बॅटरी, आणि तिची क्षमता किती उरली आहे हे रनिंगवरून नीट कळत नाही. सतत जलद चार्जिंग आणि उष्णता यांचा हिशेब वेगळाच असतो. बॅटरीची हमी साधारण आठ वर्षांची असते, त्यामुळे वापरलेली घेताना त्यातली किती शिल्लक आहे, हे आधी विचारावं. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमाप्रमाणे फेब्रुवारी २०२७ पासून तिथल्या बाजारात येणाऱ्या अशा बॅटऱ्यांना डिजिटल पासपोर्ट, म्हणजे त्या बॅटरीच्या माहितीची डिजिटल नोंद, लागणार आहे.