बॅटरी काढली, परत लावली, आणि गाडी चालूच होईना

दहा नंबरचा पाना खाली ठेवला, बॉनेट उघडंच राहू दिलं आणि चावी फिरवली. सेल्फ लागला. इंजिन नेहमीच्याच वेगाने फिरू लागलं, फिरत राहिलं, पण पकडेना. तासाभरापूर्वी हीच गाडी मी चालवत आणून इथे लावली होती. मधल्या वेळात केलं होतं ते एवढंच: जुनी बॅटरी काढली, खालचा ट्रे पुसून घेतला आणि नवी बॅटरी बसवली.

अशा वेळी पहिला संशय जातो तो गाडीच्या कॉम्प्युटरवर. बॅटरी काढली म्हणजे तो सगळं विसरला असणार, आता तो पुन्हा 'शिकवावा' लागणार, असं बघायला जमलेले सगळे सांगतात. मलाही तेच वाटलं आणि त्या एका समजुतीपायी माझे दोन दिवस गेले. तार सुटली की गाडी नेमकं काय विसरते, हे मला आधी माहीत असतं तर ते वाचले असते.

इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला ईसीयू म्हणतात आणि त्याची मेमरी दोन जातींची असते. एक जात अशी, की तिला जागं ठेवायला बॅटरीतून सतत थेंबभर वीज लागते. चावी काढून गाडी रात्रभर उभी असली तरी ही वीज चालू असते. तार सुटली की ही मेमरी कोरी होते. घड्याळ मागे जातं, रेडिओची स्टेशनं जातात, काचा आपोआप वर जाणं बंद होतं. आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालू असतं तेव्हा, थ्रॉटल ही हवेची झडप किती उघडी ठेवायची, या इंजिनाला हिशेबापेक्षा किती कमी-जास्त पेट्रोल लागतं, असे रोजच्या चालण्यातून जमवलेले बारकावेही पुसले जाऊ शकतात. बऱ्याच गाड्यांत फॉल्ट कोड, म्हणजे ईसीयूने साठवलेल्या बिघाडाच्या नोंदीही जातात. हे नुकसान मोठं आहे, कारण तोच बिघाडाचा पुरावा असतो. म्हणून आधीच कुरकुरणाऱ्या गाडीची बॅटरी काढण्यापूर्वी कोड वाचणारा स्कॅनर लावून ते लिहून घ्यावेत.

दुसऱ्या जातीच्या मेमरीला वीज लागतच नाही. तिच्यात माहिती इलेक्ट्रॉनच्या रूपात असते आणि ते इलेक्ट्रॉन चारी बाजूंनी विद्युतरोधक थर असलेल्या सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेले असतात. बाहेर पडायला वाटच नसल्याने ते तिथे वर्षानुवर्षं बसून राहतात. ईसीयूचा मूळ प्रोग्राम, इंजिनाच्या कोणत्या वेगाला किती इंधन द्यायचं याचे कारखान्यातून आलेले तक्ते आणि गाडीच्या चाव्यांची ओळख, हे सगळं याच मेमरीत असतं. बॅटरी महिनाभर काढून ठेवली तरी त्याला धक्का लागत नाही.

म्हणजे धडधाकट गाडी विसरभोळी झाली तरी चालू व्हायलाच हवी. फार तर आयडल वर-खाली होईल. याला अपवाद आहे तो थ्रॉटल बॉडी काजळीने माखलेल्या गाडीचा. काजळीमुळे फटीतून हवा कमी जाते, म्हणून ईसीयू महिनोन्‌महिने थोडी थोडी करत झडप जास्त उघडायला शिकलेला असतो. ते शिकणं पुसलं गेलं की तो मूळ मापावर येतो आणि त्या मापाला आता हवा पुरत नाही. अशी गाडी क्षणभर चालू होऊन मरते, किंवा ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवला की पकडते. तशी पकडली तर थ्रॉटल साफ करणं आणि त्याची जागा पुन्हा नोंदवून घेणं हाच उपाय. नोंदवण्याची रीत गाडीगणिक वेगळी असते, ती मॅन्युअलमध्येच पाहावी. माझ्या गाडीने मात्र एकदाही पकडल्याचं दाखवलं नव्हतं.

आता त्या फिरण्याकडे वळू, कारण फसगत तिथेच होते. सेल्फ लागतोय म्हणजे बॅटरी ठीक, वायरिंग ठीक, असं आपण धरून चालतो. पण इंजिन फिरवणं आणि इंजिन पेटणं ही अगदी वेगळी कामं आहेत. पूर्वी गाड्यांना समोरून हँडल मारावं लागायचं, तेव्हा हा फरक दंडालाच कळायचा. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर 1912 च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि दोन्ही कामं एकाच खटक्यामागे दडली. आतून ती आजही वेगळीच आहेत. स्टार्टर मोटरला बॅटरीच्या प्लसपासून बोटाएवढी जाड केबल थेट जाते आणि साध्या पेट्रोल गाडीतही ती शंभर-दोनशे अँपिअर ओढते. ईसीयू, फ्युएल पंप, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर आणि ठिणगी पाडणारी इग्निशन कॉइल यांना वीज जाते ती बारीक तारांनी, फ्यूज आणि रिले या विजेवर चालणाऱ्या खटक्यांमधून. अनेक गाड्यांत या बारीक तारांपैकी एखादी बॅटरीच्या क्लॅम्पवरच वेगळ्या नटखाली बसवलेली असते. तिच्यासारखीच एखादी बारीक अर्थची तार मायनसकडे असते. बॅटरी काढताना आपण या तारा बाजूला करतो, आणि परत लावताना नजर जाते ती फक्त जाड केबलींवर.

जोडणी झालेली आहे, पण नीट नाही, हा प्रकार आणखी फसवा. क्लॅम्प अर्धवट आवळलेला असला किंवा त्यावर पांढरी-हिरवी बुरशी असली, की तिथे रोध तयार होतो. समजा, तो ओहमचा फक्त शंभरावा भाग आहे. घड्याळ, रेडिओ, दिवे यांना तो जाणवतही नाही. पण स्टार्टर दोनशे अँपिअर ओढू लागला की दोनशे गुणिले एक शतांश म्हणजे दोन व्होल्ट त्या सांध्यातच खर्ची पडतात. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, सहा सेलचे प्रत्येकी 2.1. सेल्फ मारताना ती एरवीही दहा-अकरापर्यंत उतरते. त्यातून आणखी दोन गेले, की कॉइलची ठिणगी दुबळी होते, इंजेक्टर उघडायला वेळ लावतात आणि काही गाड्यांत ईसीयू मधेच बंद पडून पुन्हा सुरू होत राहतो. स्टार्टर मात्र फिरतच असतो.

म्हणून स्वस्तातला का होईना, मल्टिमीटर जवळ असावा. त्याची एक तार बॅटरीच्या मायनस खांबावर ठेवायची, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. आकडा 0.2 व्होल्टच्या आसपास किंवा खाली असेल तर अर्थ चांगला आहे. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर आधी तो सांधा साफ करायचा. तार क्लॅम्पवर न ठेवता शिशाच्या खांबावरच ठेवायला हवी, नाहीतर खांब आणि क्लॅम्प यांच्यातला दोष मोजमापातून निसटतो. नंतर खांबापासून खांबापर्यंतही मोजावं. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेलं तर बॅटरी नवी असली तरी ती भरलेली नाही किंवा सदोष आहे.

मीटर नसेल तरी गाडी बरंच काही सांगते, आणि सांगते ती सेल्फ मारण्याआधीच्या दोन सेकंदांत. चावी 'ऑन'वर न्यायची, पुढे न्यायची नाही, रेडिओ आणि पंखा बंद ठेवायचा. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखालून किंवा टाकीच्या बाजूने दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. तो फ्युएल पंप. लाइनमध्ये दाब तयार करून तो थांबतो. काही गाड्यांत तो दार उघडतानाच वाजून घेतो, तेव्हा आपल्या गाडीची सवय ठाऊक हवी. गुणगुण नाही म्हणजे पंपाचा फ्यूज, त्याचा रिले किंवा रिलेला हुकूम देणारा ईसीयू यांच्याकडे पाहायचं. त्याच वेळी डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागायला हवा. सहसा तो लागला की आपण घाबरतो, पण इथे तो न लागणं हीच वाईट खूण आहे, कारण ईसीयूला वीजच पोचत नसेल तर बऱ्याच गाड्यांत तो अंधारा राहतो. स्कॅनर जोडला आणि इंजिनाच्या ईसीयूने उत्तरच दिलं नाही, तर तोही तोच निरोप.

तिसरी खूण चावीच्या किंवा कुलपाच्या चित्राची. हा इमोबिलायझरचा, म्हणजे चावी ओळखीची नसेल तर इंजिन अडवणाऱ्या यंत्रणेचा दिवा. इथे थोडं थांबण्यासारखं आहे. चावीच्या प्लास्टिकमध्ये तांदळाच्या दाण्यापासून नखापर्यंत आकाराची एक चिप असते आणि तिला स्वतःचा सेल नसतो. कुलपाभोवतीच्या वेटोळ्यातून साधारण 125 किलोहर्ट्झची चुंबकीय लहर निघते, त्या लहरीवरच चिप जागी होते आणि आपली ओळख परत पाठवते. नव्या पद्धतीत गाडी दर वेळी वेगळं कोडं घालते आणि चिप त्याचं उत्तर काढून देते. ओळख पटली नाही तर ईसीयू इंजेक्टर किंवा ठिणगी बंद ठेवतो. कित्येक गाड्यांत स्टार्टर तरीही फिरू दिला जातो, म्हणून लक्षण हुबेहूब आपल्यासारखंच दिसतं. अशा वेळी दिवा भराभर लुकलुकतो किंवा विझतच नाही. रिमोटचा सेल संपल्याने या चिपचं काही बिघडत नाही. बटण दाबून चालू होणाऱ्या गाड्यांतही म्हणूनच चावी ठरलेल्या जागी टेकवली की ती ओळखली जाते. बॅटरी काढल्याने चाव्यांची ओळख सहसा पुसली जात नाही, पण नंतर बाहेरून बसवलेला अलार्म ही वेगळी गोष्ट आहे. वीज गेली आणि परत आली, की त्यातले काही चोरी झाली असं समजून इंजिन अडवून ठेवतात. रिमोटने एकदा लॉक-अनलॉक करून पाहावं.

हे सगळं जागेवर असेल तर सेल्फ मारताना आरपीएमची, म्हणजे इंजिनाचा वेग दाखवणारी सुई पाहायची. पिस्टन जोडलेल्या मुख्य दांड्याच्या, क्रँकशाफ्टच्या, चाकावर बहुधा साठ दात धरलेले असतात आणि त्यातले दोन मुद्दाम कापलेले. दर दात सहा अंशांचा. सेन्सर ते मोजतो आणि रिकामी जागा आली की ईसीयूला कळतं, पिस्टन कुठे आहेत. ही मोजणी आली नाही तर तो ना पेट्रोल सोडतो ना ठिणगी पाडतो. फिरवताना सुई जराही हलली नाही, तर काम करताना त्या सेन्सरचा प्लग ढिला झाला का ते पाहावं. सुई न हलणाऱ्याही गाड्या आहेत, त्यामुळे हा पक्का पुरावा मानू नये.

या सगळ्यात सेल्फ मारत राहू नये. दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि मधे निदान अर्धा मिनिट स्टार्टरला थंड होऊ द्यावं. ठिणगी नसताना पेट्रोल जात राहिलं तर प्लग ओले होतात. तसे झाले असतील तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्यावर बहुतेक इंजेक्शनच्या गाड्या पेट्रोल रोखून फक्त हवा आत घेतात. बॅटरी उलटी लागली असेल, क्षणभर का होईना, तर मुख्य फ्यूज उडालेला असू शकतो आणि बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरचे डायोडही. हायब्रिड गाडीतल्या नारिंगी केबलींना घरी हात लावू नये, त्यांच्यात जिवावर बेतेल एवढं व्होल्टेज असतं.

माझ्या गाडीत मी हा क्रम पाळला नाही. सुई हलत नाही हे एकच पाहिलं आणि क्रँक सेन्सर बदलला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंधारात चावी 'ऑन' केली तेव्हा लक्षात आलं की ऑइलचा दिवा आहे, बॅटरीचा आहे, हँडब्रेकचा आहे, आणि इंजिनाचा पिवळा दिवा नाही. पंपाची गुणगुणही नाही. सुई हलणार तरी कशी, सेन्सरचं ऐकणारा ईसीयूच बंद होता. टॉर्च घेऊन बॅटरीच्या कडेने पाहिलं. ट्रे आणि बॉडी यांच्या फटीत एक बारीक तपकिरी तार वाकून बसली होती. टोकाला गोल रिंग, रिंगेवर नव्या बॅटरीने दाबल्याचा ओरखडा. मायनसचा क्लॅम्प मोकळा केला, रिंग घासून त्याच्या छोट्या बोल्टवर चढवली, नट आवळला आणि क्लॅम्प परत खांबावर ठेवला. टेकताच बारीक ठिणगी उडाली. मॉड्यूलमधले कपॅसिटर भरून घेतात त्याची ती ठिणगी, आदल्या दिवशी ती मला दिसली नव्हती.

चावी 'ऑन'. पिवळा दिवा लागला, मागून गुणगुण आली आणि थांबली. सेल्फ मारला आणि इंजिनाने पहिल्याच फेऱ्यांत पकडलं. काही वेळ आयडल सहाशे ते हजार असं वर-खाली होत राहिलं, कारण पुसलेल्या मेमरीत ईसीयूला सगळं नव्याने लिहायचं होतं. दोन-तीन दिवसांच्या जाण्या-येण्यात सुई नेहमीच्या जागी येऊन थांबली. घड्याळ तेवढं हाताने लावावं लागलं.