डेटनचा महापूर आणि एका सेंटची फोटो-पोस्टकार्डं

अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं डेटन हे ग्रेट मायामी नदीकाठचं शहर. स्टिलवॉटर, मॅड रिव्हर आणि वुल्फ क्रीक हे तिन्ही प्रवाह तिला इथेच मिळतात. २३ मार्च १९१३ला, ईस्टरच्या रविवारी, पावसाने जोर धरला आणि २५ तारखेच्या सकाळी पाणी बांध ओलांडून शहरात शिरलं. मध्यवस्तीत काही ठिकाणी ते २० फुटांपर्यंत चढलं. गॅसमुळे आगी लागल्या, आणि बंब नेणार तरी कुठून? मायामी खोऱ्यात ३००हून अधिक माणसं दगावली.

या पुराची इतकी फोटो-पोस्टकार्डं निघाली, याची तयारी दहा वर्षं आधीपासून होत आली होती. १९०३ मध्ये कोडॅकने 'थ्री-ए' हा घडीचा कॅमेरा आणला. त्याची फिल्म पोस्टकार्डाएवढीच, त्यामुळे फोटो मोठा करायची भानगड नाही. मागे पत्त्याच्या रेघा आधीच छापलेला फोटोचा कागद बाजारात मिळे. त्यावर निगेटिव्ह ठेवायची, उजेड द्यायचा, धुऊन वाळवायचं, की कार्ड तयार. १ मार्च १९०७पासून अमेरिकी टपाल खात्याने मागच्या बाजूला पत्त्याशेजारी मजकूर लिहायलाही मुभा दिली. टपाल अवघं एक सेंट.

म्हणूनच ही कार्डं मला वर्तमानपत्रांतल्या फोटोंपेक्षा मोलाची वाटतात. वर्तमानपत्रात फोटो जाळीच्या ठिपक्यांत छापला जाई. इथे प्रत्येक कार्ड थेट निगेटिव्हवरून काढलेला फोटो. भिंग लावलं तर दुकानाची पाटी वाचता येते, भिंतीवरची पाण्याची रेघ दिसते. खाली पांढऱ्या अक्षरांत रस्त्याचं नाव असतं. निगेटिव्हवर काळ्या शाईने लिहिलं, की छापात ते पांढरं उमटतं. होड्यांच्या दृश्यांना मागणी जास्त. पण पाणी ओसरल्यावरचा चिखल आणि रस्त्यात मरून पडलेले घोडे पाहिल्यावर पुराची खरी कल्पना येते.

डेटन हे राईट बंधूंचंही गाव. त्यांच्या विमानप्रयोगांच्या काचेच्या निगेटिव्ह याच पुरात बुडाल्या. त्यांतल्या काहींवरचे डाग आजही दिसतात.

पुढे लोकांनी २० लाख डॉलरहून अधिक वर्गणी जमवली आणि १९२२पर्यंत खोऱ्यात पाच कोरडी धरणं उभी राहिली. एरवी नदी त्यांतून मोकळी वाहते, फक्त पूर तेवढा अडतो.

जुनं कार्ड हाती आलं तर आधी मागची, तिकीट चिकटवायच्या जागेची छापील चौकट पाहावी. तिथे 'अ‍ॅझो' हे फोटोच्या कागदाचं नाव आणि कोपऱ्यांतले चारही त्रिकोण वर टोक केलेले असले, तर कागद साधारण १९०४ ते १९१८ मधला.