ट्रेसल पूल (रेल्वे)

ट्रेसल पूल म्हणजे थोड्या थोड्या अंतरावर उभे केलेले लाकडी किंवा लोखंडी मनोरे, त्यांच्यावर छोटे छोटे गर्डर (आडव्या तुळया) आणि वरून रूळ. मनोऱ्याचे पाय घडवंचीसारखे खाली फाकवलेले असतात, कारण उंचावर गाडीला बाजूने वारा लागला की सगळा जोर पायांवर येतो, आणि पायांच्या मधे तिरप्या पट्ट्यांची फुली मारतात, तिला ब्रेसिंग म्हणतात, ती नसेल तर पाय कितीही जाड घ्या, काही उपयोग नाही.

नागपुरात रेल्वे १८६७ साली आली, तरी असा पूल इकडे शोधू नका. कॉटन मार्केटचा लोहापूल लोखंडी आहे खरा पण तो ट्रेसल नव्हे. कन्हानसारखी रुंद नदी पुरात ओंडके, झाडं सगळं घेऊन येते, तिच्यात असे पायच पाय रोवले तर कचरा तिथेच अडकणार अन् पाण्याचा रेटा पुलावर, म्हणून अशा नदीवर मोजके जाड खांब आणि लांब गर्डरच बरे. छिंदवाड्याची नॅरो गेज (रुळांमधलं अंतर ७६२ मिमी, २०१५ ला बंद) सातपुड्यात चढायची, पण छोटी गाडी आखूड वळणं घेते, त्यामुळे बऱ्याच दऱ्या वळसा घालूनच टळतात.

ट्रेसल खरा शोभतो खोल दरीत, आणि काम लवकर उरकायचं असेल तिथे. अमेरिकेत लाकूड मुबलक, म्हणून तिकडे त्याचं पीकच आलं. न्यूयॉर्क राज्यातला पोर्टेज पूल १८५२ चा, पूर्ण लाकडी, मे १८७५ मधे जळून खाक झाला आणि जुलैअखेर त्याच जागी लोखंडी पुलावरून गाड्या सुरू! आजच्या आपल्या पुलांची कामं बघता हे पटायला जडच जातं.

आपल्या बाजूचा नामांकित नमुना म्हणजे ब्रह्मदेशातला गोकटेक, तेव्हा तो ब्रिटिश हिंदुस्थानातच होता. मीटर गेज, लांबी ६८९ मीटर, उंची सुमारे १०२ मीटर, १९०० साली पूर्ण, आणि पोलाद थेट अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाहून बोटीने आणलेलं.

ट्रेसल मोडतो मात्र बहुतेकांना वाटतं तिथे, वर मनोऱ्यात नाही, तर खाली पायाशी. पेनसिल्व्हेनियातलाच १८८२ चा किंझुआ पूल १९०० साली नव्या पोलादात पुन्हा बांधला पण पायाचे बोल्ट १८८२ चेच ठेवले, ते गंजत गेले, आणि २००३ च्या टोर्नेडोत (मोठ्या वावटळीत) २० पैकी ११ मनोरे आडवे झाले.

हल्ली रुळाखालून अंडरपास खणताना रूळ तात्पुरत्या गर्डरवर, स्लीपर आडवे-उभे रचून केलेल्या चौकटीवर (क्रिबवर) तोलून धरतात आणि तेवढ्यापुरती गाडी हळू सोडतात, तो ट्रेसलचाच भाऊबंद.